गोंगाटाचे उत्तरदायित्व

१६ जून १९७८ रोजी ब्रुसेल्समधील ‘आन्सिएन बेल्जिक’ या सभागृहात एल्व्हिस कॉस्टेलो यांच्या कार्यक्रमापूर्वी न्यूयॉर्कची ‘सुइसाइड’ ही दोन माणसांची मंडळी रंगमंचावर आली. ॲलन व्हेगा गाणार होते. मार्टिन रेव्ह यांच्यापुढे एक जुना इलेक्ट्रिक ऑर्गन आणि एक ताल-यंत्र होते. गिटार नव्हती, ढोल नव्हते, रॉक संगीताच्या श्रोत्याला ओळखीचे वाटावे असे काहीच नव्हते. थोड्याच वेळात श्रोत्यांनी हुर्यो उडवायला सुरुवात केली. कॉस्टेलो यांच्या नावाचा घोष सुरू झाला, व्हेगा यांच्या हातातला मायक्रोफोन हिसकावला गेला आणि तेविसाव्या मिनिटाला सर्व आटोपले. कोणीतरी हा प्रसंग कॅसेटवर ध्वनिमुद्रित केला होता, आणि पुढे तो ‘ब्रुसेल्सवरील तेवीस मिनिटे’ अशा अर्थाच्या नावाने प्रसिद्धही झाला.

या प्रसंगात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हुर्यो उडवणारे श्रोते अभिजात संगीताचे सोवळे रसिक नव्हते. कर्कशतेला, शिवराळपणाला, आरडाओरड्याला मान्यता देणाऱ्या संगीताचेच ते श्रोते होते. मराठी वाचकाला ‘पंक’ या शब्दात चिखल ऐकू येईल, आणि योगायोगाने तो अर्थ फारसा चुकीचाही नाही. कौशल्याची, रियाजाची, सुबकपणाची चाड न बाळगता कोणीही उठावे, दोन-तीन स्वरमेळ शिकावेत आणि आपला संताप मांडावा, अशी या संगीताची प्रतिज्ञा होती. त्याच वर्षी ‘द क्लॅश’ या मंडळीबरोबर इंग्लंड-स्कॉटलंडचा दौरा करताना ‘सुइसाइड’वर वस्तू फेकल्या गेल्या. ग्लासगोत तर कुऱ्हाड डोक्याजवळून गेली, असे व्हेगा पुढे सांगत असत. सर्व काही मोडायला निघालेल्या या श्रोतृवर्गाला नेमके काय मोडलेले सहन झाले नाही? गिटारचा अभाव हे या प्रश्नाचे वरवरचे उत्तर आहे. त्या अभावामागे एक नैतिक अडचण दडलेली आहे आणि ती तपासून पाहण्याजोगी आहे.

गिटारमध्ये हात असतो. तार छेडणारे बोट, तारेचा ताण आणि त्यातून उमटणारा नाद यांचे नाते श्रोत्याला डोळ्यांनी दिसते, आणि दिसत नसले तरी कानाने कळते. विजेच्या गिटारचा आवाज कितीही फाटला तरी ते फाटणे कुणाच्या तरी आवेगाचे फाटणे असते. हात थांबला की थोड्याच वेळात नाद विरतो. अशा वेळी गोंगाटाला एक कर्ता असतो आणि श्रोता त्या कर्त्याशी भांडू शकतो, त्याच्यावर प्रेम करू शकतो, त्याला क्षमा करू शकतो. विद्युत्‌निर्मित गोंगाटात हे नातेच तुटते. कळ हलकेच दाबली जाते आणि जो आवाज निघतो त्याचे त्या दाबण्याशी प्रमाण नसते. ताल-यंत्र एकदा सुरू केले की वाजवणारा बाजूला उभा राहू शकतो, यंत्राकडे पाठ फिरवू शकतो, आणि ठोके पडत राहतात.

‘संगीतरत्नाकर’कार शार्ङ्गदेव यांनी तेराव्या शतकात, देवगिरीच्या यादव दरबारात, नादाचे आहत आणि अनाहत असे दोन प्रकार सांगितले. आहत म्हणजे आघातातून जन्मणारा, लोकरंजन करणारा; अनाहत म्हणजे आघाताविना असणारा, योग्यांना ऐकू येणारा. विद्युत्‌प्रवाहाच्या आंदोलनातून निघणारा नाद हे या अनाहताचे एक विचित्र विडंबन म्हणता येईल. तेथे काहीही छेडले जात नाही, फुंकले जात नाही, बडवले जात नाही. आघात होतो तो अगदी अखेरीस, ध्वनिवर्धकाचा पडदा हवेवर आदळतो तेव्हा. म्हणजे आघात करणारा दिसत नाही आणि आघात सोसणारा मात्र सभागृहात उपस्थित असतो. ब्रुसेल्सच्या श्रोत्यांची तक्रार त्यांना शब्दांत मांडता आली नसेल. पण ज्या आवाजाची जबाबदारी घ्यायला समोर हात नाही त्या आवाजाचे काय करायचे, हा त्यांचा खरा पेच असावा.

हाच पेच ‘सुइसाइड’च्या १९७७ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील ‘फ्रँकी टियरड्रॉप’ या रचनेत विषय म्हणून उभा राहतो. ही रचना दहा मिनिटांहून थोडी मोठी आहे. फ्रँकी हा वीस वर्षांचा कारखान्यातला कामगार. बायको आहे, मूल आहे, दिवसभर राबतो आणि तरी भागत नाही. घर जाण्याची वेळ येते. तो मुलाला मारतो, बायकोला मारतो, स्वतःला मारतो. त्यानंतरही रचना संपत नाही. ती त्याच्या मागोमाग नरकात जाते. व्हेगा हे सर्व जवळजवळ कुजबुजत सांगतात, आणि मधेच, कोणतीही पूर्वसूचना न देता, किंचाळतात. प्रतिध्वनीच्या यंत्रातून ती किंकाळी फाटून परत येते.

या रचनेचा कणा म्हणजे तिचा ठेका. तो जलद आहे, बारीक आहे, कारखान्यातल्या एखाद्या दूरच्या यंत्राच्या धडधडीसारखा अखंड आहे. आणि खून होतो तेव्हा तो बदलत नाही. ढोल वाजवणारा माणूस असता तर त्या क्षणी त्याचा हात अडखळला असता, किंवा आवेगाने जड पडला असता. गिटार असती तर तिने आक्रोश केला असता, आणि त्या आक्रोशातून श्रोत्याला दुःखाचा का होईना पण एक सोबती मिळाला असता. येथे तसे घडत नाही. मूल मरते आणि ठोका तोच राहतो. फ्रँकीच्या जागी दुसरा कामगार दुसऱ्या दिवशी सकाळी उभा राहील, हे सांगण्यासाठी व्हेगा यांना वेगळी ओळ लिहावी लागत नाही. यंत्राच्या न बदलण्यातच ते सांगून झालेले असते. गिटार काढून टाकणे ही शैलीची लहर नसून ती या रचनेच्या आशयाची अट होती, असे म्हणायला येथे पुरेसा आधार आहे. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्यासारख्या गिटारच्याच परंपरेतील गायकाने या रचनेचे ऋण मानले, आणि १९८२ च्या ‘नेब्रास्का’तील ‘स्टेट ट्रूपर’वर त्याची छाया आहे, ही गोष्टही बोलकी आहे. तेथे मात्र एक गिटार आहे आणि म्हणून थोडी सोबतही आहे.

याच काळात लॉस एंजेलिसमध्ये ‘द स्क्रीमर्स’ या मंडळीनेही गिटार टाकून सिंथेसायझर आणि विकृत केलेला इलेक्ट्रिक पियानो यांवर पंक संगीत उभे केले होते. आपल्या हयातीत त्यांनी एकही ध्वनिमुद्रिका काढली नाही, त्यामुळे त्यांच्याविषयी जपून बोलणेच बरे.

आता मूळ प्रश्न. कलावंताला श्रोत्याला दुखवण्याचा अधिकार असतो काय? कांट यांनी १७९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निर्णयशक्तीच्या मीमांसेत संगीतावर सभ्यतेच्या अभावाचा आरोप ठेवला आहे. संगीत आपला प्रभाव हवा त्याहून दूरवर, शेजाऱ्यापाजाऱ्यांवरही लादते. डोळा मिटता येतो, पण संगीताचे तसे नाही. खिशातून सुगंधित रुमाल काढणारा जसा सर्वांना वास घ्यायला भाग पाडतो तसेच हे आहे. एवढ्या मोठ्या तत्त्वज्ञाने शेजाऱ्यांच्या भजनांनी त्रासून हे लिहिले, ही गंमत बाजूला ठेवली तरी मुद्दा गंभीर आहे. कानाला पापणी नाही. म्हणून ध्वनीच्या कलेत संमतीचा प्रश्न चित्रकलेपेक्षा निकडीचा होतो. त्यातच ८५ डेसिबलच्या पुढचा आवाज दीर्घकाळ ऐकणे श्रवणशक्तीला घातक ठरते, ही शरीरशास्त्राची गोष्ट आहे. तेथे सौंदर्यशास्त्राचा युक्तिवाद चालत नाही.

अभिनवगुप्त यांनी रसास्वादातील जी सात विघ्ने सांगितली त्यांतील एक म्हणजे ‘निजसुखादिविवशीभाव’. प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखात गुरफटलेला असला तर दुसऱ्याच्या भावाशी त्याचे साधारणीकरण होत नाही. या विघ्नावरचा उपाय म्हणूनच नाट्यात गीत, वाद्य, शोभिवंत रंगमंडप इत्यादींची योजना असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. म्हणजे वाद्याचे नैतिक कार्यच श्रोत्याला त्याच्या स्वतःच्या वेदनेतून सोडवून दुसऱ्याच्या वेदनेपर्यंत नेणे हे ठरते. गोंगाटाच्या संगीतात वाद्य नेमके उलट वागते. कान दुखू लागला की श्रोत्याला फ्रँकीचे दुःख आठवत नाही, स्वतःचा कान आठवतो. उपायच विघ्न होतो.

हा आक्षेप जबरदस्त आहे, आणि नंतरच्या बऱ्याच गोंगाट-संगीताला तो पूर्णपणे लागू पडतो. पण ‘फ्रँकी टियरड्रॉप’ला तो लागू पडतो का? ही रचना फार मोठ्या आवाजाची नाही. घरात, मंद आवाजात ऐकली तरी तिचा परिणाम उणावत नाही; किंबहुना वाढतो. तिच्यात जे सहन होत नाही ते आवाजाचे आकारमान नसून वाट पाहणे आहे. एकदा किंकाळी ऐकल्यावर दुसरी कधी येईल या भीतीने श्रोता त्या सपाट ठोक्याला बांधला जातो. ही भीती त्याला स्वतःत कोंडत नाही, तर त्या घराच्या दाराशी नेऊन उभी करते. कानाला होणारी इजा आणि लक्षाला घातलेली सक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला कोणतीही कला सबब होऊ शकत नाही. दुसरी तर शोकात्मिकेने कायमच केलेली आहे.

येथवर गोंगाटाची बाजू भक्कम दिसते. परंतु याच काळातील दुसरे उदाहरण घेतले की ती डळमळू लागते. लंडनमधील ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ ही मंडळी १९७५ मध्ये स्थापन झाली. ऑक्टोबर १९७६ मध्ये समकालीन कलासंस्थेतील त्यांच्या प्रदर्शनावरून एका हुजूरपक्षीय खासदाराने त्यांना संस्कृतीचे विध्वंसक ठरवले आणि त्यांनी ते बिरुद आनंदाने मिरवले. या मंडळीत गिटार होती, पण ती शिकून वाजवण्यासाठी नव्हती. ख्रिस कार्टर यांनी बांधलेल्या उपकरणांतून ती इतर आवाजांसारखाच एक आवाज होऊन बाहेर पडे. आपल्या कार्यशाळेला त्यांनी मृत्यूचा कारखाना असे नाव दिले, आणि ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’ या त्यांच्या संस्थेचे बोधचिन्ह होते ऑशविट्झच्या दाहगृहाचे छायाचित्र. त्याची बाजू मांडणारे म्हणतात की, औद्योगिक समाजाचे अंतिम टोक कोठे आहे हे ते चिन्ह दाखवते. कारखाना आणि छळछावणी यांच्यातली संघटनेची समानता ते उघडी करते. हा युक्तिवाद पोकळ नाही. पण हेच छायाचित्र केवळ दचकवण्यासाठी, केवळ बाजारात उठून दिसण्यासाठी वापरले असते तर ध्वनिमुद्रिकेतला आवाज काय वेगळा झाला असता? काहीही नाही.

अडचणीचे मूळ येथे आहे. गोंगाटाला नकारार्थी वाक्य बोलता येत नाही. भाषेत ‘हे घडले’, ‘हे घडू नये’ आणि ‘हे घडो’ असे तीन वेगळे उच्चार शक्य असतात. गोंगाटापाशी फक्त तीव्रता असते. तिला विधानाचा प्रकार नसतो. बेसूर आवाजाची गोष्ट निराळी. मर्ढेकरांनी लयीची जी संवाद, विरोध आणि समतोल ही तत्त्वे मांडली त्यांत बेसुराला विरोधाच्या अंगाने जागा देता येते, कारण बेसूर सुराच्या अपेक्षेवर उभा असतो आणि म्हणून तो नाकारू शकतो. शुद्ध गोंगाटात अशी अपेक्षाच उरत नाही. ज्याला अभियंते श्वेत गोंगाट म्हणतात त्यात सर्व कंपनसंख्या सारख्याच प्रमाणात असतात. पांढऱ्या प्रकाशात सर्व रंग असावेत तसे. जेथे सर्वच आहे तेथे कशाला विरोध करायचा? झाक अताली यांनी १९७७ मध्येच, म्हणजे ‘फ्रँकी टियरड्रॉप’च्या वर्षीच, ‘ब्रुइ’ या ग्रंथात गोंगाट ही मूलतः हिंसा आहे आणि संगीत ही त्या हिंसेची नियंत्रित, बलिविधीसारखी योजना आहे, असे प्रतिपादन केले. गोंगाटातून पुढच्या समाजव्यवस्थेची चाहूल लागते असा त्यांचा आशावादही होता. पण चाहूल मुक्तीची की छावणीची, हे गोंगाट स्वतः सांगत नाही. हा त्या आशावादातला कच्चा दुवा आहे.

इतिहासानेही तेच दाखवले आहे. लुइजी रुसोलो यांनी ११ मार्च १९१३ च्या आपल्या जाहीरनाम्यात गोंगाटाच्या कलेचा पहिला पुकारा केला. तोही एक मुक्तीचा पुकारा होता. पण त्याच मजकुरात मारिनेत्ती यांनी एड्रियानोपलच्या वेढ्यातील तोफांच्या आवाजाचे केलेले उल्हसित वर्णन त्यांनी गौरवाने उद्धृत केले. ट्रामचा खडखडाट आणि तोफेचा भडिमार त्यांच्या कानाला एकाच आनंदाचे दोन प्रकार वाटले. पुढे पहिल्या महायुद्धात ते स्वतः गेले आणि १९१७ मध्ये डोक्याला गंभीर जखम घेऊन परतले. तोफेखाली कोण आहे हे तोफेच्या आवाजात ऐकू येत नाही.

मग भूमिका येते कोठून? एक मार्ग शीर्षकाचा. मासामी अकिता हे ‘मर्झबाऊ’ या नावाने दशकानुदशके जवळजवळ निर्भेळ गोंगाट निर्माण करत आले आहेत. त्यात बहुधा शब्द नाहीत, गाणारा माणूस नाही. अलीकडच्या काळात त्यांनी प्राण्यांच्या हक्कांची बाजू घेतली, आणि २००५ मध्ये मरण पावलेल्या एका एलिफंट सीलच्या स्मरणार्थ ‘मिनाझो’ ही रचना केली. तिचे वेष्टन काढून टाकले तर ती शोकरचना आहे हे कोणाही श्रोत्याला ओळखता येणार नाही. यात अकितांच्या प्रामाणिकपणावर शंका नाही. पण त्यांची करुणा त्यांच्या ध्वनीत उतरलेली नसून ध्वनीवर चिकटवलेली आहे, एवढे म्हणावेच लागते.

दुसरा मार्ग मानवी आवाजाचा, आणि ‘सुइसाइड’ची नैतिक शक्ती तेथे आहे. व्हेगा यांचा आवाज यंत्राच्या बाजूने नाही. तो यंत्राच्या आत सापडलेला आहे. तो चाचरतो, दबतो, श्वास घेतो, मोडतो, आणि महत्त्वाचे म्हणजे तो हरतो. अखेरपर्यंत ठोका त्याच्यापेक्षा बलवान राहतो. याच्या उलट विल्यम बेनेट यांनी १९८० मध्ये स्थापन केलेल्या ‘व्हाइटहाउस’ या मंडळीच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिका ऐकाव्यात. १९८१ च्या त्यांच्या एका ध्वनिमुद्रिकेचे नावच एका नाझी छळछावणीचे आहे. तेथेही गिटार नाही, सिंथेसायझरचा कान चिरणारा सूर आहे, आणि त्यावर ओरडणारा आवाज आहे. पण तो आवाज यंत्राशी हातमिळवणी केलेला, हुकूम देणारा आवाज आहे. ज्याच्यावर हुकूम सोडला जातो त्याला तेथे आवाजच नाही. ही छळकर्त्याची भूमिका केवळ नाट्यासाठी घेतलेली आहे, तिचा निष्कर्ष श्रोत्याने काढावा, असे समर्थन केले जाते. परंतु श्रोत्याने निष्कर्ष काढावा अशी जागा रचनेत कोठे तरी ठेवावी लागते. तशी जागा न ठेवता श्रोत्याच्या स्वातंत्र्याचा हवाला देणे म्हणजे स्वतःचे काम त्याच्या गळ्यात मारणे होय.

यावर असा आक्षेप येईल की, अखेर हा निकष हरण्याचा झाला; जो हरतो तो नीतिमान, हा भाबडेपणा नव्हे काय? शिवाय व्हेगा काही कामगार नव्हते. ब्रुकलिन कॉलेजात कला शिकलेले ते शिल्पकार होते. फ्रँकीची किंकाळी त्यांनी उसनी घेतली, आणि उसनी किंकाळी विकणे हाही एक व्यापारच आहे. दलित साहित्याच्या चर्चेने अनुभवाच्या मालकीचा प्रश्न मराठी समीक्षेला चांगलाच परिचित करून दिला आहे. त्या चर्चेतून गेलेला वाचक हा आक्षेप सहज झटकणार नाही. तो झटकता येतही नाही. व्हेगा फ्रँकीच्या आतून बोलत नाहीत. ते बराच वेळ बातमी सांगावी तसे तिसऱ्या पुरुषात बोलतात, आणि किंकाळी नेमकी कोणाची, फ्रँकीची, बायकोची, की सांगणाऱ्याची, हे अनिश्चित ठेवतात. शेवटी फ्रँकी हे सर्वांचेच नाव असल्याचे ते म्हणतात. हा शेवटचा विस्तार रचनेतला सर्वांत दुबळा भाग आहे. सगळेच फ्रँकी असतील तर त्या विशिष्ट मेलेल्या मुलाचे काय, हा प्रश्न उरतो. साधारणीकरण आणि सरसकटीकरण यांतली रेषा तेथे पुसट होते. पण त्याआधीच्या नऊ मिनिटांत ती रेषा शाबूत आहे, आणि ती शाबूत ठेवण्याचे काम त्या भावशून्य ठोक्याने केले आहे. यंत्राने शोक करण्याचे नाकारल्यामुळे श्रोत्याला परस्पर वाहून जाता येत नाही.

हरण्याविषयीचा आक्षेपही पूर्णपणे खोडता येत नाही. मात्र त्याला मर्यादा घालता येते. हरणे हे मूल्य नव्हे. गोंगाट आणि आवाज यांच्यामध्ये अंतर असणे, आणि ते अंतर ऐकू येणे, हे मूल्य आहे. जिंकणारा आवाजही हे अंतर राखू शकेल. ‘व्हाइटहाउस’मध्ये ते अंतर मिटवले गेले आहे, आणि ‘थ्रॉबिंग ग्रिसल’मध्ये ते कधी आहे, कधी नाही. म्हणून त्या मंडळीविषयी एकच एक निवाडा देणे कठीण होते, आणि तो न दिलेला बरा.

ब्रुसेल्सच्या त्या कॅसेटकडे परत यायला हवे, कारण तिच्यात एक वेगळीच उलथापालथ घडलेली आहे. त्या ध्वनिमुद्रणात ताल-यंत्र ऐकू येते, व्हेगा ऐकू येतात, पण हळूहळू सर्वांहून मोठा होत जातो तो श्रोत्यांचा आवाज. शिट्या, आरोळ्या, कॉस्टेलो यांच्या नावाचा घोष. मायक्रोफोन गेल्यावर रचनेत उरतो तो जवळजवळ त्यांचाच गोंगाट. त्या रात्री ज्यांनी हे संगीत नव्हे म्हणून ते बंद पाडले, त्यांचाच आरडाओरडा आज घरोघरी संगीत म्हणून ऐकला जातो, पुनःपुन्हा, आणि त्यांतल्या एकालाही त्यासाठी विचारले गेले नव्हते.